विसराळू द्वारपाल



गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक बाई घाईघाईने आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान बोटीवर नोकरीस आहेत. घरी त्या स्वतः, शाळेत जाणारी दोन मुले आणि चालणे बंद झालेल्या वृद्ध सासूबाई. परसात, विहिरीवर, गोठ्यात काम करीत असता म्हातारीकडे लक्ष राहावे म्हणून तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर एक लहानसा कॅमेरा बसविलेला आहे. आतल्या खोलीचे चित्र घराबाहेर जाता कामा नये, अशी यजमानांची सक्त ताकीद होती, आणि ती सर्वस्वी योग्य होती. म्हणून इंजिनियरिंग कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत येऊन घरच्या राउटरवर एक नियम घातला. कॅमेऱ्याने घरातल्या घरात हवे तर बोलावे. परंतु बाहेरच्या इंटरनेटकडे एक अक्षरही पाठवू नये, असा तो नियम.

त्या दिवशी बाई तालुक्याच्या गावी आठवड्याच्या बाजारास गेल्या होत्या. बसची वाट पाहत असता त्यांनी सवयीने फोन उघडला, कॅमेऱ्याच्या चित्रावर बोट ठेवले, आणि काय आश्चर्य! घरापासून इतक्या दूर, भर बाजारात, सासूबाई खाटेवर बसून केस विंचरीत असलेल्या त्यांस स्पष्ट दिसल्या. पहिल्या क्षणी त्यांस बरे वाटले. दुसऱ्या क्षणी छातीत धस्स झाले. कारण चित्र येथे दिसते, याचा अर्थ ते घराबाहेर पडलेले आहे, आणि ते आपणांस दिसण्यापूर्वी कोणत्या तरी परक्या यंत्रावरून येथवर आले आहे.

"फादर," त्या म्हणाल्या, "दाराला कडी घातली होती ना? मग ती काढली कोणी?"

आम्ही त्यांच्यासमोरच भाच्यास फोन लावला. तो बिचारा गोंधळून गेला. "मी नियम घातला होता, आणि तपासूनही पाहिला होता," असे तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. तो खोटे बोलत नव्हता. मग आम्ही सहज विचारले, "मुला, जूनपासून आमच्याकडे वीज किती वेळा गेली असेल, ह्याचा काही अंदाज?" तिकडे क्षणभर शांतता पसरली. नंतर तो हळूच म्हणाला, "फादर, माझ्या लक्षात आले."

कडी कोणीही काढली नव्हती. वीज गेली, राउटर विझला, वीज आली, राउटर पुन्हा जागा झाला. आणि जागा होताना तो नियम पार विसरून गेला होता. हे असे का होते आणि होऊ नये म्हणून काय करावे, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे आता अगत्याचे झाले आहे. म्हणून आजचा हा लेख.

प्रथम राउटर म्हणजे काय ते पाहू. बाहेरून येणारी इंटरनेटची तार आणि घरातील फोन, टीव्ही, कॅमेरा आदी उपकरणे ह्यांच्यामध्ये बसलेली ही लहानशी पेटी वस्तुतः एक पूर्ण संगणकच आहे. तिला पडदा नाही, कळफलक नाही, इतकेच. घरातून बाहेर जाणारा आणि बाहेरून आत येणारा सर्व मजकूर लहान लहान पुडक्यांत बांधलेला असतो, आणि प्रत्येक पुडके ह्या पेटीतून जाते. तेथे एक द्वारपाल बसविलेला असतो; त्यास फायरवॉल असे म्हणतात. इमारतीत आग एका भागातून दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून बांधतात ती जाड भिंत, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. ह्या द्वारपालाच्या हाती नियमांची एक यादी असते. प्रत्येक पुडके आले की तो यादी वरून खाली वाचतो. जो नियम प्रथम लागू पडेल त्याप्रमाणे पुडके सोडतो अथवा अडवितो. म्हणून नियम कोणता, ह्याइतकेच तो यादीत कितव्या जागी आहे, हेही महत्त्वाचे असते.

घरगुती राउटरांपैकी पुष्कळांच्या अंतर्यामी लिनक्स नावाची प्रणाली असते. ही गोष्ट जगाच्या ध्यानात आली ती एका निळ्या पेटीमुळे. लिंकसिस कंपनीने 2002 च्या अखेरीस 'डब्ल्यूआरटी 54 जी' नावाचा राउटर बाजारात आणला. त्यात लिनक्स वापरलेले आहे, हे जाणकारांनी पुढच्या वर्षी ओळखले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की, ते वापरून केलेली वस्तू विकणाऱ्याने त्या भागाची मूळ संहिता मागणाऱ्यास दिली पाहिजे. त्याप्रमाणे 2003 मध्ये ती संहिता प्रसिद्ध झाली, आणि 2004 मध्ये तीतून 'ओपनडब्ल्यूआरटी' हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. आपल्या पेटीचे नियम आपण स्वतः लिहावेत, ही सोय सामान्य कुटुंबास मिळाली ती अशी. आमच्या भाचेबुवांनीही मामीच्या घरी हीच प्रणाली चालविणारा राउटर बसविला होता.

आता मुख्य मुद्दा. राउटरला दोन प्रकारच्या स्मृती असतात. एकीस रॅम म्हणतात, दुसरीस फ्लॅश. शाळेतील उदाहरण घ्यावयाचे तर पहिली म्हणजे पाटी आणि दुसरी म्हणजे वही. पाटीवर झटपट लिहिता येते, झटपट पुसता येते, आणि सारे काम पाटीवरच चालते. परंतु वीज गेली की पाटी आपोआप कोरी होते. वहीतले मात्र वीज असो वा नसो, तसेच राहते. द्वारपालाच्या हातातील यादी ही सर्वस्वी पाटीवरची असते. राउटर जागा झाला की तो प्रथम वही उघडतो, तीत लिहिलेले नियम वाचतो, आणि त्यांवरून पाटीवर नवी यादी तयार करतो. भाच्याने आज्ञा टंकून नियम घातला तो थेट पाटीवर. तो तत्क्षणी लागू झाला, उत्तम चालला. परंतु वहीत त्याची नोंद झालीच नव्हती. वीज परत आल्यावर राउटरने वहीत होते तेवढे इमानाने अमलात आणले. त्याने कर्तव्यात कसूर केली, असे म्हणता येणार नाही.

कोणी विचारील की, प्रत्येक आज्ञा यंत्राने आपणहून वहीत का उतरवून ठेवू नये? त्यास दोन कारणे आहेत. एक म्हणजे ही वही काही साधी वही नव्हे. फ्लॅश स्मृतीचा प्रत्येक कप्पा पुसून पुन्हा लिहिण्याच्या खेपा ठराविक असतात. त्या संपल्या की कप्पा निकामी होतो. शिवाय जागाही थोडी. त्या पहिल्या निळ्या पेटीत फ्लॅश अवघी 4 मेगाबाइट आणि रॅम 16 मेगाबाइट होती. म्हणून राउटर वहीत जपून लिहितो. दुसरे कारण आपल्याच हिताचे आहे. समजा, नियम लिहिताना चूक झाली आणि द्वारपालाने स्वतः धन्यालाच बाहेर ठेवले, राउटरशी बोलण्याची वाटच बंद झाली, तर? चूक पाटीवरची असेल तर वीज काढून पुन्हा लावली की ती पुसली जाते. म्हणजे राउटरचा विसराळूपणा हा शिकाऊ माणसावर उपकारही आहे. नियम प्रथम पाटीवर घालून पाहावा, हे भाच्याने बरोबरच केले. त्याचे काम अर्धे राहिले, एवढाच त्याचा दोष.

वीज जाणे हे नियम पुसला जाण्याचे एकमेव कारण आहे, असे मात्र समजू नये. इन्व्हर्टर घेतला की झाले, असे वाटून स्वस्थ बसणाऱ्यांसाठी हे सांगणे अवश्य आहे. आपण राउटरच्या पानावर फायरवॉलची दुसरीच एखादी सेटिंग बदलतो, तेव्हा द्वारपालास नवी यादी द्यावी लागते. त्या वेळी तो जुनी यादी फेकून देतो आणि वहीवरून ती पुन्हा रचतो. हाताने घातलेला नियम त्यातही जातो. दिवा विझत नाही, इंटरनेट तुटत नाही, घरात कोणास कळतही नाही. आणखी एक फसवी जागा आहे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये 'यूसीआय सेट' ह्या आज्ञेने बदल केला, तरी तो 'यूसीआय कमिट' म्हणेपर्यंत कच्च्या टिपणातच असतो, आणि ते टिपणही पाटीवरच ठेवलेले असते. हे म्हणजे खरेदीखत लिहून घ्यावे, सह्याही कराव्यात, आणि नोंदणीस मात्र जाऊ नये, असे झाले.

मग नियम वहीत कसा लिहावा? आज्ञा टंकण्याची सवय नसलेल्यांसाठी राउटरचे स्वतःचे पान असते. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये त्यास 'लुसी' म्हणतात. घरच्या संगणकावर अथवा फोनवर ते उघडावे. त्यात 'नेटवर्क', मग 'फायरवॉल', मग 'ट्रॅफिक रूल्स' अशा क्रमाने जावे आणि नवा नियम जोडावा. नियमास ओळखू येईल असे नाव द्यावे. 'नियम 1' असे न लिहिता 'आजीचा कॅमेरा बाहेर नको' ह्या अर्थाचे नाव रोमन अक्षरांत द्यावे, म्हणजे वर्षभराने कोणी दुसऱ्याने पाहिले तरी हेतू कळेल. प्रोटोकॉलच्या जागी 'एनी' निवडावे, म्हणजे कोणत्याही प्रकारचे पुडके सुटणार नाही. उगम 'लॅन', म्हणजे घर. गंतव्य 'वॅन', म्हणजे बाहेरचे जग. आणि कृती 'रिजेक्ट', म्हणजे अडविणे.

उपकरणाची ओळख कशी सांगावी, ह्यात थोडी सावधगिरी हवी. राउटर प्रत्येक उपकरणास घरातल्या घरात एक पत्ता देतो, तो 'आयपी' पत्ता. तो बदलू शकतो. उलट 'मॅक' नावाचा बारा अक्षरांकांचा पत्ता उपकरणास कारखान्यातच मिळतो. कॅमेऱ्यासारख्या उपकरणासाठी मॅक पत्त्यावरून नियम लिहिणे चांगले. कारण आज जुनी आणि नवी अशा दोन प्रकारच्या आयपी पत्त्यांवरून वाहतूक चालते, आणि एका प्रकारच्या पत्त्यावर घातलेला नियम दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या पुडक्यांस लागू पडत नाही. फोनची गोष्ट मात्र वेगळी. 2019 च्या 'अँड्रॉइड 10' पासून आणि 2020 च्या 'आयओएस 14' पासून फोन आपला खरा मॅक पत्ता लपवून निरनिराळ्या वाय-फायसाठी बनावट पत्ता वापरू लागले आहेत. मुलांच्या फोनसाठी नियम करावयाचा असेल तर फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये, निदान घरच्या वाय-फायपुरती, ही सवय बंद करावी लागते.

फॉर्म भरून झाला की खाली बटणे दिसतात. 'सेव्ह' म्हणजे जपून ठेवा असा शब्दार्थ असला तरी ह्या बटणाने नियम वहीत जात नाही. तो केवळ कच्च्या यादीत राहतो, आणि पानाच्या माथ्यावर न जपलेल्या बदलांची संख्या दिसत राहते. पुष्कळ लोक येथेच फसतात. पुढे 'सेव्ह अँड अप्लाय' हे बटण दाबावे, तेव्हाच नियम फ्लॅशमध्ये लिहिला जातो आणि अमलातही येतो. येथे रचनाकारांनी एक सुंदर दक्षता घेतली आहे. बदल केल्यावर तुमच्या पानास राउटरशी संपर्क साधता आला नाही, तर सुमारे दीड मिनिटाने राउटर तो बदल आपणहून मागे घेतो. म्हणजे धनीच बाहेर अडकण्याचा धोका येथे पुष्कळ कमी झाला आहे.

ज्यांस आज्ञा टंकता येतात, किंवा ज्यांचा नियम त्या फॉर्मात बसण्याजोगा नाही, त्यांच्यासाठी वहीत एक स्वतंत्र पान राखलेले आहे. परंतु ते पान कोणते, ह्याविषयी मोठी दक्षता हवी; कारण ते मध्यंतरी बदलले. लिनक्समध्ये 2001 पासून द्वारपालास आज्ञा देण्याची रीत 'आयपीटेबल्स' ही होती. 2014 मध्ये 'एनएफटेबल्स' ही नवी रीत आली, आणि ओपनडब्ल्यूआरटीने 2022 मधील '22.03' ह्या आवृत्तीपासून तिचा स्वीकार केला. पूर्वी लोक आपले खास नियम 'ईटीसी' कप्प्यातील 'फायरवॉल डॉट यूजर' नावाच्या फाईलीत लिहीत. आता त्याच कप्प्यातील 'एनएफटेबल्स डॉट डी' ह्या पेटीत, 'एनएफटी' असे आडनाव असलेल्या फाईलीत, नव्या भाषेत लिहावे लागतात. जुनी फाईल तशीच ठेवून ज्यांनी राउटरची आवृत्ती बदलली, त्यांच्या घरी विचित्र स्थिती झाली. नियम वहीत आहे, शाईही वाळलेली आहे; परंतु नवा द्वारपाल ते पान उघडतच नाही. त्यावर नव्या द्वारपालाशी जुळत असल्याची खूण नसेल, तर तो ते बाजूस सारतो आणि पुढे जातो. तात्पर्य, नियम लिहिलेला असणे पुरेसे नाही. जागे होताना राउटर जेथून वाचतो तेथेच तो लिहिलेला असला पाहिजे.

इतर प्रणालींतही तत्त्व हेच, बटणे मात्र निराळी. 'डीडी-डब्ल्यूआरटी' नावाच्या प्रणालीत 'ॲडमिनिस्ट्रेशन' ह्या भागातील 'कमांड्स' पानावर नियम टंकतात. तेथे 'रन कमांड्स' हे बटण दाबले तर नियम एकदाच चालतो, म्हणजे पाटीवर जातो; 'सेव्ह फायरवॉल' दाबले तर तो टिकाऊ स्मृतीत जातो आणि प्रत्येक वेळी फायरवॉल सुरू होताना चालविला जातो. असूस कंपनीच्या राउटरांसाठी असलेल्या 'मर्लिन' प्रणालीत प्रथम खास स्क्रिप्टांची परवानगी सेटिंगमध्ये चालू करावी लागते. मग 'जेएफएफएस' विभागातील 'स्क्रिप्ट्स' पेटीत 'फायरवॉल-स्टार्ट' ह्याच नावाची फाईल ठेवावी लागते. नाव एका अक्षराने चुकले, किंवा फाईलीस चालविण्याचा अधिकार दिला नाही, तर ती तेथे निमूटपणे पडून राहते.

आणि ज्यांच्या घरी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने दिलेली पेटीच आहे, त्यांनी काय करावे? अशा पेटीत आज्ञा टंकण्याची मुभा बहुधा नसते. पानावर जेवढे पर्याय असतील तेवढेच. शिवाय पुरवठादारास दुरून त्या पेटीच्या सेटिंग बदलता येतात, आणि तक्रार निवारताना ती कोरी करण्याचा प्रसंगही येतो. म्हणून नियम महत्त्वाचा असेल तर त्या पेटीच्या पुढे स्वतःचा राउटर बसविणे बरे. मात्र मग कॅमेरा आपल्या राउटरच्या वाय-फायलाच जोडलेला आहे, कंपनीच्या पेटीच्या वाय-फायला नव्हे, ह्याची खात्री करावी; नाहीतर द्वारपाल पुढच्या दारी आणि वाट मागच्या दारी, अशी गत होईल.

वहीत लिहून झाल्यावरही एक पायरी उरते, आणि हीच पायरी भाच्याने गाळली होती. ती म्हणजे जाणूनबुजून वीज घालविणे. नियम घातल्यावर तो लागलीच तपासणे हे पाटीची परीक्षा घेणे झाले. वहीची परीक्षा वीज गेल्यावरच होते. म्हणून घराचा मेन स्विच बंद करावा, इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा, मिनिटभर थांबावे, मग सर्व चालू करावे. ह्यात दुहेरी लाभ आहे. नियम येण्यापूर्वी जे संभाषण सुरू झालेले असते, ते द्वारपाल बहुधा चालूच ठेवतो. नवा नियम नव्या संभाषणासच लागू होतो. सर्वच उपकरणे विझविली म्हणजे जुनी संभाषणेही तुटतात आणि परीक्षा निर्भेळ होते. त्यानंतर फोनचे वाय-फाय बंद करून, मोबाइलच्या इंटरनेटवरून कॅमेऱ्याचे चित्र पाहण्याचा यत्न करावा. ते दिसता कामा नये. मग वाय-फाय चालू करून घरात ते दिसते ना, हेही पाहावे.

रात्री मुलांचे इंटरनेट ठराविक वेळी बंद करणारे नियम पुष्कळ पालक घालतात. त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरगुती राउटरांत बहुधा घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज येताच त्यास वेळ ठाऊक नसते. इंटरनेट लागल्यावर तो बाहेरून ती विचारून घेतो. आणि राउटरवर भारताची वेळ निवडलेली नसेल, तर तो ग्रीनिचच्या वेळेने चालतो. मग रात्री 9 वाजता लागणारे कुलूप पहाटे अडीच वाजता लागते, आणि मुले साडेपाच तास अधिक जागतात.

शेवटी प्रतिलिपीविषयी. राउटरच्या पाठीमागे एक बारीक छिद्र असते, त्यात रीसेटचे बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले की तुम्ही लिहिलेले सारे नाहीसे होते आणि राउटर कारखान्यातून आला तसा होतो. ओपनडब्ल्यूआरटी बसविलेल्या बहुतेक राउटरांत मूळ प्रणाली छापील पानासारखी कायम असते आणि आपले बदल तिच्यावर ठेवलेल्या पातळ कागदावर असतात. रीसेट म्हणजे तो कागद काढून टाकणे. मुलांच्या हातून, दुरुस्तीस आलेल्या माणसाच्या हातून, हे सहज घडते. नवी आवृत्ती बसवितानाही सेटिंग राखण्याचा पर्याय निवडला नाही, तर हेच होते. आणि तो निवडला तरी ठराविक जागांच्या बाहेर ठेवलेल्या आपल्या फाईली जपावयाच्या यादीत आपणच घालाव्या लागतात. म्हणून राउटरच्या पानावरील 'बॅकअप' भागातून सर्व सेटिंगची फाईल उतरवून घ्यावी आणि ती संगणकावर ठेवावी. शिवाय कोणता नियम, कोणत्या उपकरणासाठी, कोणत्या तारखेस घातला, हे साध्या कागदावर साध्या मराठीत लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावे. ज्याने नियम घातला तो मुलगा उद्या नोकरीस परदेशी जाईल. घर मात्र येथेच राहणार आहे.

त्या बाईंच्या घरी आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. भाचा फोनवर सांगत होता, बाई स्वतः टंकीत होत्या, आणि आम्ही मॅक पत्त्याची अक्षरे मोठ्याने वाचून दाखवीत होतो. 'सेव्ह अँड अप्लाय' झाले. मग त्यांच्या धाकट्या मुलाने मोठ्या उत्साहाने मेन स्विच खाली ओढला. घरात काळोख झाला, सासूबाई आतून म्हणाल्या, "पुन्हा गेली का गं वीज?" "नाही हो आई, आम्हीच घालविली," असे बाईंनी उत्तर दिले. वीज परत आली. राउटरचे दिवे एकेक करून लागले. बाई फोन घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर गेल्या आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत उभ्या राहिल्या. तेथे नुसते एक चक्र फिरत होते. चित्र आले नाही.

त्या परत आल्या तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "फादर, मेपासून आजपर्यंत किती दिवस हे उघडे होते?" त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, भाच्यापाशीही नव्हते. दार उघडे आहे हे त्यांस ठाऊक असते, तर त्यांनी कॅमेरा भिंतीकडे वळविला असता, त्यावर फडके टाकले असते, सासूबाईंस सावध केले असते. दार लावलेले आहे अशी खात्री असल्यामुळेच त्यांनी ह्यांपैकी काहीही केले नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी असा एखादा नियम कोणी घालून दिला असेल, तर येत्या रविवारी दुपारी, सर्व मंडळी घरी असताना, एकदा मेन स्विच खाली ओढून पाहा.